मुलगा काय करतो?

अक्कांच्या भाच्याचं लग्न जमत नाही, आणि ते का जमत नाही हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक असलं तरी मोठ्यानं कुणी बोलत नाही. पोरगा निर्व्यसनी आहे. दिसायला बरा आहे. गोव्यात महिन्याच्या महिन्याला पगार आहे, निलंग्याकडं चार एकर रान आहे, आणि सासूचं म्हणाल तर ती बापडी कुणाच्या अध्यात ना मध्यात. सगळं अडतं ते एकाच प्रश्नापाशी. पाहुणे चहाची बशी खाली ठेवतात, उपरण्यानं मिशा पुसतात आणि विचारतात, "मुलगा काय करतो?"

मुलगा शिडाच्या बोटींमधल्या संडासाचे पाईप बदलतो.

तेवढंच करतो असं नाही. पंप खोलतो, इंजिनाचं तेल बदलतो, डेकवरच्या फटी बुजवतो. पण गेल्या पावसाळ्यात बोटी पाण्याबाहेर काढून ठेवल्या होत्या तेव्हा त्याच्याकडं एकापाठोपाठ एक पाइपांचंच काम आलं, त्यानं ते इथं येऊन मोकळेपणानं सांगितलं, आणि त्याच्या नावाला ते कायमचं चिकटलं.

गप्पा मारायला आम्हाला वेगळी जागा लागत नाही. अक्कांच्या आणि माझ्या अंगणांमध्ये शहाबादी फरश्या उभ्या रोवून केलेलं कुंपण आहे. शहाबाद आमच्याच बाजूचं, त्यामुळं इकडं तारेपेक्षा फरशीचंच कुंपण जास्त. त्यातली एक फरशी अर्ध्यावर मोडली आहे आणि ती मुद्दामच कुणी बदललेली नाही. तिथून इकडचा कढीपत्ता तिकडं जातो, तिकडचं विरजण इकडं येतं, आणि बातम्या दोन्हीकडं जातात. चाचींचं घर बोळाच्या पलीकडं. पण फरशीपाशी दोन बायका उभ्या राहिल्या की तिसऱ्या म्हणून चाची हजर होतात. त्यांना कोण सांगतं कुणास ठाऊक.

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, दुसऱ्या दिवशीची सकाळ. रानातलं जेवण अजून अंगावर होतं. अक्का नळाखाली बसून अंबिलाची बिंदगी घासत होत्या, भाचा ओट्यावर मोबाइल बघत बसला होता, आणि मी उरलेल्या भज्जीचं पातेलं घेऊन फटीपाशी उभी.

"बाई, रविवारी उमरग्याचे पाव्हणे येलालेत," अक्का म्हणाल्या. "मी त्यांना मरीन इंजिनियर म्हणून सांगितलंय. कुणी विचारलं तर तुम्हीबी तसंच सांगा."

"मावशी, मी आयटीआय हाय. फिटर," भाचा मान वर न करता म्हणाला.

"गप बस. फिटर म्हटलं की नळ दुरुस्त करणारा वाटतंय."

"मग मी दुसरं काय करलालो?"

यावर अक्कांनी बिंदगीत चिमूटभर राख टाकली आणि काथ्यानं अशी घासायला घेतली की जणू उमरग्याचे पाहुणे त्या बिंदगीतूनच येणार होते.

हा पोरगा शिकायला मावशीकडं होता आणि मीच त्याला वर्गात शिकवलं. सातवीच्या परीक्षेत यानं नकाशात अरबी समुद्र रंगवायचा सोडून दिला होता, निळा खडू संपला म्हणून. आता त्याच समुद्रावर पोट आहे. म्हणून मीच म्हटलं, "अरे, एकदा नीट सांग तरी. बोटीतल्या संडासाचा पाईप बदलायचा म्हणजे त्यात एवढं काय आहे? आणि बोटीत संडास तरी कशाला लागतो? सगळीकडं पाणीच पाणी."

"रेल्वेत असायचं तसं खाली भोक ठिवलं की झालं," अक्का म्हणाल्या. अक्कांनी समुद्र एकदाच पाहिलाय, गोकर्णला, तोही पदर सावरत.

"मावशी, भोक ठिवलं तर आपलं खाली जाईल का समुद्र वर येईल?"

अक्का थांबल्या. प्रश्न बरोबर होता.

मग त्यानं सांगितलं. बोटीचा संडास बहुतेक वेळा पाण्याच्या पातळीच्या खाली नाहीतर जेमतेम बरोबरीला असतो. बाहेर समुद्र वर, आत माणूस खाली. म्हणून हातानं दांडा मारायचा पंप असतो. तो एका बारीक नळीनं समुद्राचं पाणी आत ओढतो आणि दीड इंची जाड नळीनं सगळं बाहेर ढकलतो, समुद्रात नाहीतर बोटीतल्याच टाकीत. ही जाड नळी सरळ न्यायची नाही. आधी पाण्याच्या पातळीपेक्षा चांगली उंच चढवायची, वाऱ्यानं बोट एका कुशीवर कलली तरी वरच राहील इतकी उंच, आणि मग खाली उतरवायची. त्या वळणाच्या माथ्यावर हवा आत घेणारी एक छोटी झडप. ती झडप तुंबली किंवा वळणच ठेवलं नाही, तर एकदा वाहू लागलेलं पाणी थांबत नाही. समुद्र नळीतून उलटा आत येतो, भांडं भरतं, मग बोट भरते. धक्क्याला बांधलेली, वादळ नाही, खडक नाही, अशी बोट सकाळी पाण्याखाली गेलेली दिसते आणि कारण निघतं संडास.

"अय्यो," अक्का म्हणाल्या. संडासामुळं बोट बुडते हे ऐकल्यावर त्या कामाची पत त्यांच्या मनात जराशी वाढली असावी, कारण त्यांनी नळ बंद केला.

"पण पाईप बदलायचा कशाला? फुटतो?" मी विचारलं.

"फुटत न्हाई बाई. तीच तर गंमत हाय. एक म्हातारं गोरं जोडपं हुतं. बोट अडोतीस फुटी, एक नंबर ठिवलेली. पण आत पाऊल टाकलं की वास. त्यांनी सगळे सांधे तपासले. कुठं थेंब न्हाई. उदबत्त्या लावल्या, फिनेल वतलं, लाकूड खरवडून पॉलिश केलं. वास हाय तसाच. शेवटी दोघांत भांडणं लागली."

"भांडणं?" अक्का फटीपाशी आल्या. "कशावरून?"

"तो म्हणायचा, तू पंप कमी मारतीस. ती म्हणायची, तू मारतच न्हाईस."

"खरं कुणाचं हुतं?"

"दोघांचंबी."

दीड इंची नळीत मीटरमागं एक लिटरहून थोडं जास्त मावतं. चार-पाच मीटर लांब नळी असली आणि माणसानं घाईत चार दांडे मारून हात धुतले, तर भांडं स्वच्छ दिसतं, पण माल नळीतच बसून राहतो. नळीला कुठं झोळ असला तर तिथं हमखास. दिवसचे दिवस बसतो. आणि नळी असते प्लॅस्टिकची नाहीतर रबराची. बाहेरून कोरडी, कुठं चीर नाही, तरी वास तिच्या अंगातून आरपार येतो.

"आरपार कसा येईल? भोक नाही तर?" मी.

भाच्यानं बोट अक्कांच्या हाताकडं केलं. "ही बिंदगी हुंगा की."

मी हुंगली. राखेनं घासलेली, दोनदा विसळलेली, आणि आत कालचं अंबिल होतं तसंच: ताक, लसूण, आंबलेलं ज्वारीचं पीठ. बाहेरून हुंगली तरी तेच.

"मातीनं पिलं ते," अक्का म्हणाल्या. "आता ही येत्या येळवशीलाच. हिच्यात दुसरं काय ठिवता येत न्हाई."

"तसंच पाईप पितंय."

खात्री करून घ्यायची रीत त्यानं सांगितली ती मला फार आवडली, कारण तिला एक पैसा लागत नाही. फडकं कडकडीत पाण्यात भिजवायचं, पिळायचं, नळीभोवती गुंडाळायचं आणि गार होऊ द्यायचं. मग ते फडकं घेऊन बोटीबाहेर, मोकळ्या वाऱ्यात जायचं आणि नाकाला लावायचं. आत हुंगून उपयोग नाही, आत सगळंच घाणतं. फडक्याला वास आला तर नळीचा जीव संपला. "मग धुवून, औषध वतून काय हुईना. पाईप गेला म्हणून समजायचं."

"कौन गया मा?" मागून चाची. "किसका इंतकाल हुआ?"

"कुणाचा न्हाई चाची, पाईप गेला," अक्का म्हणाल्या, आणि चाचींना पहिल्यापासून सगळं परत सांगावं लागलं. त्यातलं नवराबायकोचं भांडण अक्कांनी स्वतः सांगितलं, आणि ते भाच्यानं सांगितलं होतं त्यापेक्षा बरंच मोठं होतं. त्यात आता माहेरी निघून जाण्यापर्यंत गोष्ट आली होती.

कामाचं वर्णन ऐकताना मात्र तिघीही गप्प होतो. आधी टाकी पूर्ण उपसायची, मग गोडं पाणी सोडून सोडून नळी आतून धुवायची. समुद्रात उघडणारी तळाची तोटी बंद केली की नाही हे दोनदा बघायचं, कारण ती उघडी राहिली आणि नळी काढली तर बोटीला आपण स्वतःच भोक पाडलेलं असतं. मग बाकावरच्या गाद्या काढायच्या, खालच्या फळ्या काढायच्या, आणि उताणं झोपून डोकं कपाटात घालायचं. नळी कुठून कुठं गेलीय हे कुणालाच माहीत नसतं. बोट बांधताना आधी नळी घातली आणि मग तिच्याभोवती बोट बांधली असं वाटतं. जुनी नळी टोकाच्या तोंडावर अशी बसलेली असते की ओढून येत नाही. ओढायच्या नादात तोंडच मोडतं. म्हणून धारदार पात्यानं लांबीत चीर द्यायची आणि साल काढल्यासारखी सोलून काढायची. टोकाला लगेच चिंध्या कोंबायच्या. कितीही धुतली तरी आत घोटभर उरलेलं असतंच, आणि ते नेमकं त्याच वेळी उतरतं.

"तोंडावर?" अक्कांनी विचारलं.

"मावशी, ते नको विचारू."

काही नळ्या तर आतून दगड झालेल्या निघतात. लघवी आणि समुद्राचं पाणी एकत्र आलं की कॅल्शियमचा थर धरतो, वर्षावर्षानं वाढत जातो, आणि दीड इंचाच्या वाटेत हाताचं बोट जेमतेम जाईल एवढीच जागा राहते. पूर्वीचे खलाशी अशी नळी काढून धक्क्याच्या दगडावर आपटायचे, खपल्या गळून पडायच्या, आणि तीच परत बसवायचे. अधूनमधून व्हिनेगर सोडत राहिलं तर थर कमी धरतो. पण वास पिलेली नळी आपटून काही होत नाही.

नवी नळी तर आणखी हट्टी. वास अडवणारी चांगली नळी जाड असते, वळायला तयार नसते. टोक उकळत्या पाण्यात धरून मऊ करायचं, आतून भांड्याचा साबण लावायचा, आणि मऊ आहे तोवर एका दमात तोंडावर चढवायची. तेल, ग्रीस लावायचं नाही, त्यानं नळी खराब होऊ शकते. मग प्रत्येक टोकाला दोन-दोन क्लिपा, स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूला. क्लिपांवर आल्यावर त्याचा आवाजच बदलला. "पट्टा स्टीलचा आन स्क्रू साधा, अशाबी क्लिपा मिळत्यात. लोहचुंबक लावून बघायचं. खाऱ्या हवेत स्क्रू आधी गंजतो. वर्षात क्लिप हाताला येते. ३१६ पाहिजे, ३०४ बी न्हाई. ३१६ मधी मॉलिब्डेनम असतंय."

मॉलिब्डेनम हा शब्द आमच्या गल्लीत प्रथमच उच्चारला गेला असावा. अक्कांचा चेहरा उजळला. "बघा. इंजिनियरच झालं की हे."

चाचींना मात्र मूळ शंका होती. "बेटा, इत्ते पैसेवाले लोगां, अपने हातां से ऐसा काम कैकू करतंय? आदमी नै मिलता क्या?"

"गोव्यात मिळतो चाची. मीच की. समुद्रात कुठनं मिळणार?"

मग त्यानं मोठ्यांची नावं घेतली, आणि मीही भर घातली, कारण या माणसांबद्दल मी मुलांना शिकवते. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 'म्हादेई' नावाची छप्पन्न फुटी शिडाची बोट बांधली गेली, फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात आली. त्याच ऑगस्टच्या १९ तारखेला कमांडर दिलीप दोंदे तिच्यावरून मुंबईहून एकटे निघाले आणि पृथ्वीला वळसा घालून १९ मे २०१० ला परत आले. एकट्यानं शिडाच्या बोटीतून जगाची फेरी करणारे ते पहिले भारतीय. वाटेत चार थांबे: फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केपटाऊन. त्यांच्यानंतर अभिलाष टॉमी त्याच बोटीतून कुठंही न थांबता फिरून आले, २०१२-१३ मध्ये. मग 'तारिणी' आली. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली, त्यांच्यासह सहा बायका निघाल्या. आणि परवा परवा, २ ऑक्टोबर २०२४ ला, दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच निघाल्या, त्या २९ मे २०२५ ला गोव्यात परतल्या.

"म्हादेई म्हणजे ती पाण्यावरून भांडण चाललंय ती नदी?" अक्कांनी मध्येच विचारलं.

तीच. उगम आपल्या कर्नाटकात, खानापूरच्या रानात. गोव्यात गेली की मांडवी. पाणी कुणाचं यावर लवादाचा निकाल २०१८ मध्ये आला आणि भांडण काही मिटलं नाही. अक्कांनी लगेच कर्नाटकाची बाजू घेतली, चाचींनी गोव्याची, केवळ अक्कांच्या विरुद्ध म्हणून. आणि त्यात बराच वेळ गेला.

"आता सांगा," भाचा म्हणाला, "दक्षिण महासागरात, चौफेर पाणी, माणसाचं दर्शन न्हाई, तिथं ती नळी तुंबली तर कुणाला हाक मारायची? नौदलाचा कमांडर असला तरी बाह्या वर करायच्या आन स्वतःच हात घालायचा. आमच्या यार्डात ते लोक येत्यात तवा नळीचं काम म्हणून नाक मुरडत न्हाईत, उलट मांडी घालून बसून विचारत्यात, झडप कुठली घातलीस, सांधा कसा केलास. मला कुणी फिटर म्हणून खाली बघत न्हाई तिथं. इथं आलो की मावशी मला इंजिनियर करती."

अक्कांना बोचलं असावं. त्यांनी विषय बदलला. "बरं, एवढा शाणा हाईस तर आमच्या पाव्हण्यांच्या बाथरूमातला वास काढ आधी. रविवारी लोक येणार. मी रोज फिनेल वतलाले."

मग सगळी वरात अक्कांच्या घरात. चाचीसुद्धा. भाच्यानं फडकं कडकडीत पाण्यात भिजवून पिळलं, भिंतीजवळच्या पाइपाला गुंडाळलं, गार झाल्यावर अंगणात आणून आधी स्वतः हुंगलं, मग मला दिलं, मग चाचींना. चाचींनी डोळे मिटून, अत्तर पारखावं तसं हुंगलं. "कुच नै."

"घरचा पाईप कडक पीव्हीसीचा. तो असा पीत न्हाई," तो म्हणाला. मग खाली बसून जाळी उचलली. खालचा नहाणी ट्रॅप खडखडीत कोरडा. पाहुण्यांचं बाथरूम, महिनोन्महिने कुणी वापरत नाही. ट्रॅपमधलं पाणी उडून गेलं की संडासाच्या टाकीतल्या हवेला घरात यायला वाट मोकळी. फिनेल मात्र अक्का नेमानं फरशीवर ओतत होत्या, जाळीपासून चार बोटं लांब. त्यानं दोन तांबे पाणी ओतलं. "आठवड्याला एक तांब्या. संपलं."

एवढ्यावर थांबला असता तर बरं होतं, पण फिटर माणूस. मागच्या अंगणात गेला, टाकीवरच्या हवेच्या पाइपाकडं वर बघितलं, त्याच्या तोंडात कुंभारीण माशीनं चिखलाचं घर केलेलं. बोटीच्या टाकीलाही असाच हवेचा पाईप असतो आणि तोही असाच तुंबतो, म्हणाला. हवा नाही मिळाली की आतले जंतू वेगळ्या जातीचे वाढतात आणि सडक्या अंड्याचा वास सोडतात. मग विचारलं, "टाकी कधी उपसली हुती?"

"तू बारावीला हुतास तवा."

"गाडी बोलावली हुतीस?"

"गाडी कुठं हुती तवा. दोघं आले हुते. बादली आन दोर घिऊन. एक उतरला, एक वर."

भाचा बोलेना. मग म्हणाला, तो सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. थोडा असला की नाकाला लगेच कळतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटतं की हवा चांगली झाली. तो आणखी एक पायरी उतरतो. दोराला धरणारा वरून वाकून बघतो आणि त्याला काढायला खाली उतरतो, म्हणून अशा बातम्यांत मेलेल्यांचा आकडा सहसा दोन-तीन असतो. आमच्या यार्डात टाकीचं झाकण उघडलं की दिवसभर कुणी आत डोकं घालत नाही, म्हणाला, ती तर एवढीशी टाकी.

मी कायद्याचं सांगितलं. डोक्यावरून मैला वाहण्यावर १९९३ मध्ये बंदी आली, २०१३ च्या कायद्यानं जीव धोक्यात घालून गटार आणि सेप्टिक टँक साफ करून घेण्यावरही आली. मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्यावेत असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलं, २०२३ मध्ये ते तीस लाख केले. अक्का म्हणाल्या, "मला काय ठावं बाई, सगळेच तसं करत हुते." आणि ते खोटं नव्हतं. माझ्या घरचंही वेगळं नव्हतं.

"त्यांना चहा दिला हुतास का?" भाच्यानं विचारलं.

"दिला की. चांगला दुधाचा दिला."

"कशात?"

अक्कांची नजर मागच्या खिडकीकडं गेली. तिथं कान तुटलेला एक कप अजून पालथा घातलेला होता.

"मलाबी त्याच्यातच देत जा मग," तो म्हणाला. रागानं नाही, सहज. आणि हवेच्या पाइपावरचं कुंभारीण माशीचं घर काढायला काठी शोधू लागला.

आमचं गाव बसवण्णांचं. कायकावर, म्हणजे श्रम हीच पूजा यावर, भाषण करायला आम्ही कधीही तयार असतो. नवा अनुभव मंडप ७७० खांबांचा होतोय, त्याचा आम्हाला अभिमान आहे, आणि बाराव्या शतकातल्या शरणांत, म्हणजे बसवण्णांच्या सोबत्यांत, अंबिगर चौडय्या नावाडी होता, मडिवाळ माचय्या परीट होता, हरळय्या चांभार होता, हे आमच्या शाळेतली चौथीची मुलंही सांगतात. मीच पाठ करून घेते. पण त्या खिडकीतल्या कपावर मी आजवर अक्कांना काही बोलले नव्हते, आणि बोलायला बोटीचे पाईप बदलणारा पोरगा लागला. नावाडी फटकळच असतात बहुतेक. चौडय्याचीही ख्याती तशीच.

अक्कांनी कप उचलला आणि कुठं ठेवला ते मी पाहिलं नाही. पण त्यांनी फोन काढला आणि गाडीवाल्याला लावला. टँकर, मोटर, लांब नळी, माणूस आत उतरणार नाही ना, हे त्यांनी तीनदा विचारलं, आणि मग दरावर अशा भांडल्या की गाडीवाल्यानं रविवारच्या आत यायचं कबूल केलं.

"पर अक्का," चाची हळूच म्हणाल्या, "उमरगेवालेकू तुमे इंजिनियर बोलको..."

"बोलले की. का?"

चाचींनी पदर डोक्यावर ओढला. उमरग्यात त्यांच्या बहिणीच्या सुनेचं माहेर. मुलीच्या बापाचं हार्डवेअरचं दुकान त्यांच्या शेजारी. आणि चाचींनी बहिणीला, बहिणीनं सुनेला, सुनेनं आईला असं करत बातमी गेल्या शुक्रवारीच पोचती झाली होती. जशीच्या तशी. संडास, पाईप, सगळं.

अक्का ओट्यावर बसल्याच. "चाची, काय केलाव हे!"

"मैं झूट नै बोलती मा. मेरेकू क्या मालूम तुमे इंजिनियर बनाए बोलको?"

"मग? काय म्हणाले ते? न्हाई म्हणाले असतील."

"अब्बा तो चुप बैठे. छोकरी पूछी." मुलगी दुकानात गल्ल्यावर बसते, डिप्लोमा झालाय, माल तीच मागवते. तिनं चाचींच्या बहिणीच्या सुनेच्या आईला विचारलं होतं, आणि तो निरोप चाची आठवड्यापासून पोटात धरून होत्या, कारण त्यांना त्यातला एक शब्द नीट आठवत नव्हता. "बोली, पूछो उनकू, क्लिपां कौनसे ष्टील के लगातंय. कुच नंबर बोली मा. तीन सौ..."

"सोळा," भाचा काठी हातात घेऊन तिथूनच म्हणाला.

"हौ, सोला! नै तो चार. एक बोली सस्ता है, एक बोली अच्छा."

"सोळा म्हणून सांगा," तो म्हणाला. मग जरा थांबून, "आन स्क्रूबी सोळाचाच पाहिजे म्हणून सांगा. ती डझनानं मागवती का पेटीनं, तेबी विचारा."

अक्कांनी भाच्याकडं बघितलं, चाचींकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बाई, तुमच्याकडं चुरमुरे हाईत का? पोह्यांपेक्षा रविवारी सुशीलाच करावं म्हणते. पण शेंगदाणे बघावे लागतील, मागचे कडू निघाले हुते."